मेंदूतील शीर अरुंद झाली ती वजनामुळे का, आणि वजन आले ते आमच्या घराण्यातून का?

प्रश्न: पाचपाखाडीकर

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे आणि ठाण्यातच नोकरी करते. गेल्या दिवाळीनंतर तिचे डोके वरचेवर दुखू लागले. सकाळी उठल्यावर ते अधिक दुखायचे आणि खाली वाकून उभे राहिले की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी यायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल असे समजून आम्ही तिला नौपाड्यातील नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी थेंब घालून डोळ्यांचा पडदा पाहिला आणि "दोन्ही डोळ्यांमागची नस सुजली आहे, आजच्या आज मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा," असे सांगितले. नंतर एमआरआय झाले, त्यातच शिरांचे वेगळे चित्रण झाले, आणि "मेंदूची उजवीकडची नस अरुंद झाली आहे" असे आम्हाला कळले. गाठ नाही, रक्ताची गुठळीही नाही. पाठीतून पाणी काढून दाब मोजला तेव्हा तो ३४ सेंटिमीटर भरला. आजाराला इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन, म्हणजे ठोस कारण न सापडता कवटीतला दाब वाढणे, असे नाव आहे, गोळ्या सुरू झाल्या आहेत आणि वजन उतरवायला सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला उलगडलेली नाही. रात्री घर शांत झाले की तिला उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर "हुस्स, हुस्स" असा आवाज येतो. एका रात्री तिने माझे बोट धरून आपल्या मानेवर, जबड्याच्या किंचित खाली, अलगद टेकवले आणि म्हणाली, "बाबा, आता थांबला." मी बोट उचलले तसा तो पुन्हा सुरू झाला.

तिची उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो आहे. लहानपणापासून ती आत्याच्या वळणावर गेली आहे. माझी बहीण आणि माझी आई यांचीही अंगकाठी अशीच, आणि खाल्लेले लगेच अंगी लागते. आता नातेवाइकांपैकी जो भेटतो तो "जरा तोंडाला आवर घाल, सगळे बरे होईल" असे तिला ऐकवतो. ती मान खाली घालून ऐकून घेते आणि मला ते बघवत नाही. शीर अरुंद झाल्यामुळे दाब वाढला की दाब वाढल्यामुळे शीर अरुंद झाली? तिथे जाळी (स्टेंट) बसवावी का? आणि वजन खरोखरच रक्तातून आले असेल तर त्यासाठी जनुकांची तपासणी करून घ्यावी का? एका खासगी प्रयोगशाळेची तशी जाहिरात माझ्या वाचनात आली आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: ऐरोलीचा अभियंता

मी डॉक्टर नाही. यंत्र अभियांत्रिकी शिकलो आणि पुढे काही वर्षे जैवयांत्रिकीत, म्हणजे शरीरातील ऊतींच्या ताकदीच्या अभ्यासात, काम केले. त्यामुळे शिरेपुरते उत्तर देतो.

आधी "नस" हा शब्द बाजूला ठेवू या, कारण निम्मा घोळ त्याने घातला आहे. मराठीत आपण रक्त वाहून नेणाऱ्या शिरेलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या चेतेलाही नसच म्हणतो. मुलीच्या डोळ्यांमागे सुजली ती चेता आहे आणि कवटीत अरुंद झाली ती शीर आहे. या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, मात्र दोघींना छळणारा दाब एकच आहे. मेंदूभोवती जो पातळ द्रव असतो, तोच दृष्टिचेतेच्या वेष्टणातही डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला असतो, आणि म्हणून कवटीतला दाब डोळ्यात डोकावून ओळखता येतो.

कवटी हा न ताणणारा डबा आहे. त्यात मेंदू, रक्त आणि हा द्रव एवढेच मावते, आणि एकाने जास्त जागा घेतली तर दुसऱ्याला आकसावे लागते. १७८३ मध्ये अलेक्झांडर मन्रो यांनी आणि १८२४ मध्ये जॉर्ज केली यांनी मांडलेला हा विचार आजही मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया आहे. मोठ्या माणसात द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात साधारण ५०० मिलिलिटर नवा तयार होतो, म्हणजे जुना तितक्याच वेगाने निघून जावा लागतो. त्यातला मोठा वाटा मेंदूवरील मोठ्या शिरांमध्ये झिरपतो, आणि झिरपण्यासाठी द्रवाचा दाब शिरेतल्या रक्ताच्या दाबापेक्षा थोडा तरी जास्त असावा लागतो. ही अट लक्षात ठेवा, पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

तुम्ही ठाण्याचे आहात, म्हणून ओळखीचे उदाहरण देतो. उन्हाळ्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाण्याचा टँकर येतो आणि त्याला चपटा, कापडी पाइप लावतात. आत पाणी जोरात असले की तो गोल, टणक होतो. जोर ओसरला की स्वतःच्या वजनानेही चपटा पडतो, आणि त्यावर हलका पाय पडला तरी पाणी अडते. पातळ भिंतीची नळी आतून येणारा दाब भिंतीच्या ताणाने पेलते, पण बाहेरून येणाऱ्या दाबापुढे तिची भिंत दुमडते. धमनीची भिंत जाड आणि स्नायूंची असल्यामुळे ती सहसा अशी दबत नाही. मेंदूच्या शिरांच्या भिंतीत स्नायू जवळजवळ नसतात. डोक्याच्या मागच्या बाजूने आडवी जाऊन कानामागे वळणारी जी मोठी शीर आहे, तिला दोन बाजूंनी मेंदूच्या जाड आवरणाचा आधार असतो, तरी वळणाच्या अलीकडचा तिचा भाग दाबाखाली आत खचू शकतो. बहुतेक रुग्णांत अरुंदपणा नेमका तिथेच आढळतो.

आता तुमचा आकडा पाहा. पाण्याचे ३४ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर पारा. निरोगी माणूस आडवा असताना त्या शिरेतला दाब १० मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. बाहेर २५ आणि आत १० असेल तर भिंत आत जाणारच. ती आत गेली की रक्त अरुंद जागेच्या अलीकडे तुंबते आणि तिथला दाब चढतो. तो चढला की द्रवाला शिरेत झिरपायला आणखी जोर लागतो, म्हणून द्रवाचा दाब आणखी वाढतो आणि भिंत आणखी आत ढकलली जाते. शिवाय नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. चित्रात थोडासा दिसणारा चिमटा प्रत्यक्षात किती महागात पडतो, हे त्यावरून कळेल.

तेव्हा तुमचा पहिला प्रश्न बीज आधी की वृक्ष आधी असा आहे, आणि प्रयोगांनी दोन्ही बाजूंनी साक्ष दिली आहे. ऑस्ट्रेलियातील किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेत बारीक नळी घालून दाब मोजत असतानाच मानेतून थोडा द्रव काढून पाहिला, तेव्हा अरुंद भागाच्या अलीकडचा दाब लगेच उतरला. त्यांचे हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा रुग्णांत चिमटा हा द्रवाच्या दाबाचा परिणाम होता. उलट त्याच सुमारास इंग्लंडमध्ये शिरेत धातूची जाळी बसवण्यास सुरुवात झाली, आणि शीर उघडी राहिली की पुष्कळांमध्ये द्रवाचा दाबही खाली येतो असे दिसले. माझ्या मते हे एक चक्र आहे, आणि ते कुठेही तोडले तरी सैल पडते. काही जणांच्या शिरेत मात्र जन्मजात पडदा किंवा गाठोडे असते. ते द्रव काढल्याने हलत नाही, आणि त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

कानातल्या आवाजाचे कोडेही याच नळीत आहे. चिमट्यातून सुटलेले रक्त सुसाट निघते आणि भोवरे करते, आणि ती जागा कानाला लागूनच असते. मानेतल्या शिरेवर बोट टेकवले की त्या बाजूचा प्रवाह मंदावतो आणि आवाज थांबतो. आवाज शिरेतला आहे, धमनीतला नाही, याचा तो चांगला पुरावा आहे.

थोडे विषयाला जोडून सांगतो. विद्यार्थी असताना आम्ही मटणाच्या दुकानातून बकऱ्याची मुंडी आणून मेंदूवरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा सोडवत असू. शीर मिठाच्या पाण्यातून बाहेर काढली की काही मिनिटांत कागदासारखी वाळते, आणि चिमट्याने जरा घट्ट धरली की चिमट्यापाशीच तुटते. ताणयंत्रावर लावली तर पहिला काही भाग ती जणू काहीच विरोध न करता लांबते, कारण आतले कोलॅजनचे धागे नागमोडी असतात आणि तोवर फक्त सरळ होत असतात. ते सरळ झाले की एकदम ताठरते आणि मग तुटते. वयस्कांमध्ये मेंदू आकसल्यामुळे या शिरा आधीच ताणलेल्या असतात, म्हणून डोक्याला किरकोळ मार लागूनही त्या तुटतात आणि मेंदूभोवती रक्त साकळते. झटका जितका वेगवान तितकी शीर लवकर तुटते असे १९७४ मध्ये लोवेनहिल्म यांनी मांडले होते, पण १९८९ मध्ये ली आणि हॉट यांना वेगाचा असा परिणाम दिसला नाही. इतक्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावरही एकमत व्हायला वेळ लागतो, याचे कारण ती ऊती हाताळणे किती कठीण आहे हे हाताळल्यावरच समजते.

उत्तर: वाशीची नेत्रवैद्य

वरील स्पष्टीकरणात मला फक्त वैद्यकीय बाजू जोडायची आहे. मानेवर बोट ठेवून आवाज थांबवण्याचा प्रयोग एकदा झाला तेवढा पुरे. तो वारंवार करू नये आणि मान चोळूनही घेऊ नये.

या आजारात जीव जात नाही, पण दृष्टी जाऊ शकते, आणि ती कडेकडून, नकळत जाते. समोरचे अक्षर अखेरपर्यंत स्वच्छ दिसत राहते, म्हणून "मला नीट दिसते" यावर विसंबू नका. दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि पडद्याचे ओसीटी चित्रण (प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचे थर दाखवणारे) ठरलेल्या तारखांना चुकवू नका, डोके दुखायचे थांबले असले तरीही. तिला बहुधा अ‍ॅसिटाझोलामाइड दिले असेल. त्याने द्रव तयार होण्याचे प्रमाण घटते. बोटांना मुंग्या येतील आणि सोडा घातलेली पेये बेचव लागतील, त्याला घाबरू नका. २०१४ मध्ये अमेरिकेत १६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, आहार आणि हे औषध दोन्ही घेणाऱ्यांची दृष्टी केवळ आहार पाळणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. आणखी एक चौकशी अवश्य करा. मुरुमांसाठी ती डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनोइन घेत होती का? ही औषधेही कवटीतला दाब वाढवू शकतात, आणि मुली ती "साधी मुरुमांची गोळी" म्हणून सांगायचे विसरतात.

जाळीचा विचार तेव्हा होतो, जेव्हा औषध आणि वजन यांनी भागत नाही किंवा दृष्टी वेगाने उतरते आहे, आणि शिरेत नळी घालून मोजल्यावर अरुंद भागाच्या दोन बाजूंच्या दाबांत पुरेसा फरक, साधारण ८ मिलिमीटर पारा किंवा अधिक, सापडतो. केवळ चित्रात शीर अरुंद दिसते म्हणून जाळी बसवत नाहीत. ती बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी औषधे काही महिने घ्यावी लागतात, हेही निर्णय घेताना डोळ्यांपुढे ठेवा.

वजनाविषयी एक आकडा देते. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये पंचवीस स्त्रियांना तीन महिने वैद्यकीय देखरेखीखाली दिवसाला ४२५ कॅलरींचा आहार दिला गेला. त्यांचे वजन सरासरी सुमारे १६ किलोंनी उतरले आणि द्रवाचा दाब सरासरी ८ सेंटिमीटरने खाली आला. असा आहार कोणी घरी स्वतःहून करू नये. पण वजन उतरल्याने शिरेवरचा दाब खरोखर उतरतो, हे त्यातून पडताळले गेले.

उत्तर: खारघरचा वाचक

मी जनुकशास्त्र शिकवतो. तुमच्या नातेवाइकांच्या बोलण्याला उत्तर द्यायचे म्हणून जरा विस्ताराने लिहितो, कारण मान खाली घालण्याजोगे तुमच्या मुलीने काहीही केलेले नाही.

१९८६ मध्ये स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांनी वाढवले, ज्यांच्या पंक्तीला बसून ते जेवले, त्यांच्याशी जुळत नव्हती. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांतूनही वजनातील माणसामाणसांमधल्या फरकाचा सुमारे ४० ते ७० टक्के भाग अनुवंशिक असल्याचे दिसत आले. "आत्याच्या वळणावर गेली" हे आपल्या आज्या जे म्हणत आल्या, त्याला एवढा भक्कम आधार आहे.

हे वळण शरीरात कुठे असते? चरबीत नव्हे, मुख्यतः मेंदूत. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एक अफाट लठ्ठ उंदीर जन्माला आला. डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचे रक्ताभिसरण सडपातळ उंदराशी जोडले तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे कमी झाले. म्हणजे सडपातळ उंदराच्या रक्तात असे काहीतरी होते जे लठ्ठ उंदराकडे नव्हते. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधून काढले आणि पुढे ग्रीक भाषेतील "बारीक" या अर्थाच्या शब्दावरून त्या पदार्थाला लेप्टिन नाव दिले. चरबीतून निघणारे हे संप्रेरक मेंदूला "साठा पुरेसा आहे" असा निरोप देते. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दोन चुलत भावंडांत लेप्टिनचे जनुक निकामी आढळले. ती मुले अखंड भुकेली असत. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी एका मुलीवर लेप्टिनचे उपचार झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि तिची भूक व वजन दोन्ही उतरले. त्या मुलीला त्याआधी कोणी "तोंडाला आवर घाल" म्हटले असते, तर त्याचा काय उपयोग होता?

असे एकाच जनुकातील बिघाड मात्र दुर्मीळ असतात. त्यांतल्या त्यात अधिक आढळतो तो एमसी४आर या जनुकाचा. बाकी आपल्यासारख्यांचे वजन शेकडो ठिकाणच्या बारीकसारीक फरकांच्या बेरजेतून ठरते. २००७ मध्ये प्रकाशात आलेला एफटीओ जनुकातला फरक हा त्यांतला सर्वात ठळक, तरी त्याच्या दोन्ही प्रती जोखमीच्या असलेल्या माणसाचे वजन सरासरी फक्त ३ किलोंनी जास्त असते. २०१८ पर्यंत सुमारे सात लाख युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून अशा ९४१ जागा सापडल्या.

यावरून तपासणीच्या प्रश्नाचे उत्तर निघते. मूल पाच वर्षांचे होण्याआधीच वजन बेसुमार वाढले असेल आणि भूक भागतच नसेल, तर एकाच जनुकातील बिघाड शोधणे योग्य, कारण त्यांपैकी काहींसाठी सेटमेलॅनोटाइड हे औषध २०२० पासून अमेरिकेत मान्य आहे. तुमच्या मुलीची हकिगत तशी दिसत नाही. शेकडो जागांची बेरीज करून जोखीम सांगणाऱ्या जाहिरातींतील बहुतेक आकडे युरोपीय लोकांवर बेतलेले असतात आणि आपल्याकडे ते तितके लागू पडत नाहीत. त्या आकड्याने तिचे एकही औषध बदलणार नाही. ते पैसे आहारतज्ज्ञांना द्यावेत असे मला मनापासून वाटते.

आपल्या मातीतला एक दाखला मात्र जरूर वाचण्यासारखा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंची-वजनाचे गुणोत्तर (बीएमआय) एकसारखे, २२.३ होते. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या वर वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. तुमच्या मुलीचे हे गुणोत्तर ३४ आहे, म्हणजे वजन उतरवणे तिच्यासाठी आवश्यकच आहे, त्यात दुमत नाही.

आता या दोन धाग्यांची गाठ कुठे पडते ते पाहू. शिरेच्या या आजारासाठी जबाबदार असे एक जनुक सापडलेले नाही. पोटातील चरबीमुळे छातीतील आणि मानेतील शिरांचा दाब वाढतो हे एक स्पष्टीकरण आहे, पण तेवढेच खरे असते तर तितक्याच वजनाच्या पुरुषांनाही हा आजार झाला असता, आणि त्यांच्यात तो क्वचित होतो. त्यामुळे संप्रेरकांकडे लक्ष वळले. बर्मिंगहॅमच्या संशोधकांना २०१९ मध्ये या आजाराच्या स्त्रियांच्या मेंदूतील द्रवात टेस्टोस्टेरॉन अधिक आढळले. त्याच गटाने २०२३ मध्ये एक्सेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाची लहानशी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात द्रवाचा दाब पहिल्या काही तासांतच उतरला, वजनात फरक पडण्याच्या कितीतरी आधी. भुकेवर काम करणारे औषध द्रवाच्या दाबावरही काम करते, हे मला या सगळ्यात सर्वात लक्षवेधी वाटते. रुग्ण अवघे पंधरा-सोळा होते, म्हणून त्यावरून आजच काही मागू नका, पण डॉक्टरांशी बोलताना विषय काढायला हरकत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: पाचपाखाडीकर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. ही सर्व उत्तरे मुलीने स्वतः वाचली. चपट्या पाइपाचे उदाहरण तिला सर्वांत जवळचे वाटले. मुरुमांच्या गोळीचे मी विचारले, तर गेल्या गणपतीपासून ती डॉक्सिसायक्लिन घेत होती आणि खरोखरच कोणाला सांगायचे राहून गेले होते. आज फोन करून ते डॉक्टरांच्या कानावर घातले, त्यांनी ती बंद करायला सांगितली आहे.

खारघरच्या वाचकांचे उत्तर तिने आत्यालाही वाचून दाखवले. त्यावर माझी बहीण म्हणाली की तिशीत असताना तिलाही उशीला कान टेकला की असाच आवाज येत असे, डोके दुखत असे, आणि तेव्हा चष्मा बदलून दिला गेला होता. आज ती चोपन्न वर्षांची आहे. जिना उतरताना कडेची पायरी तिला हल्ली चुकते. आम्ही ते वयाचे समजत होतो.

उत्तर: वाशीची नेत्रवैद्य

एकाच घरात दोघींना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून बहिणीला याच आठवड्यात दाखवा. पडदा आणि दृष्टिक्षेत्र दोन्ही तपासायला सांगा, आणि तिशीतल्या त्या आवाजाची हकिगत तिने स्वतःच्या तोंडून सांगावी. काचबिंदूतही कडेचे दिसणे असेच कमी होते, तेव्हा डोळ्यांचा दाबही मोजून घ्या. थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसेल, म्हणून येताना सोबत कोणीतरी असू द्या.